टोकियोत रामेन खायला जाताना

रामेन म्हणजे वाडगाभर गरम सूपमधल्या शेवया. टोकियोतलं साधं रामेनचं दुकान म्हणजे एक अरुंद खोली, एक लांब काउंटर आणि आठ-दहा खुर्च्या. काउंटरच्या पलीकडे दोन माणसं, फार तर तीन. एका वाडग्याची किंमत साधारण 900 ते 1,200 येन, म्हणजे आपले पाचशे ते सातशे रुपये. एवढ्याशा जागेत, एवढ्या पैशांत टोकियोचं भाडं भरायचं तर खुर्ची सतत फिरती राहायला हवी. दारातलं पदार्थाचं तिकीट देणारं मशीन, रांगेचे नियम, न बोलता जेवणारी माणसं, खाऊन झाल्याबरोबर उठणं, हे सगळं त्या एका गणितातून आलेलं आहे. ते लक्षात घेतलं की नियम पाठ करावे लागत नाहीत, बरेचसे आपोआप सुचतात.

आम्ही राहतो त्या निशिकसाई भागात भारतीय कुटुंबं पुष्कळ, त्यात मराठीही बरीच. मे महिन्याच्या सुट्टीत घरोघरी पाहुणे उतरतात आणि दोन दिवसांत कुणीतरी म्हणतंच, "रामेन खायचंय, पण त्या मशीनसमोर उभं राहायची हिंमत होत नाही." हा लेख त्यांच्यासाठी. उदाहरणं टोकियोची आहेत. ओसाका किंवा फुकुओकाला जाणार असाल तरी बहुतेक गोष्टी लागू पडतील.

निघण्यापूर्वी

खिशात रोख ठेवा, शक्यतो हजार येनच्या नोटा आणि शंभराची नाणी. अनेक जुनी मशीनं पाच किंवा दहा हजारांची नोट घेतच नाहीत. शिवाय 3 जुलै 2024 ला जपानने नव्या नोटा आणल्या. नव्या हजारावर जंतुशास्त्रज्ञ किताझातो शिबासाबुरो आहेत, जुन्यावर नोगुची हिदेयो. मशीन नव्या नोटांसाठी बदलून घेणं छोट्या दुकानदाराला महाग पडतं, त्यामुळे फक्त जुन्या नोटा घेणारी मशीनं अजूनही भेटतात. 2021 साली आलेल्या 500 येनच्या नव्या नाण्याचीही तीच गत. नोट परत बाहेर आली तर ती उलटसुलट करत बसू नका. काउंटरकडे बघून नोट दाखवा आणि म्हणा, "र्‍योगाए ओनेगाइशिमास", म्हणजे सुटे द्या. याच्या अगदी उलट, फक्त कार्ड किंवा क्यूआर घेणारी दुकानंही आता निघाली आहेत. म्हणून दोन्ही जवळ असू द्या. सुइका किंवा पास्मो हे रेल्वेचं कार्ड काही ठिकाणी चालतं, सगळीकडे नाही.

मोठी बॅग घेऊन जाऊ नका. ठेवायला जागाच नसते. स्टेशनवर कॉइन लॉकर असतात, तिथे टाका.

वेळेचं बघायचं तर बारा ते एक हा ऑफिसवाल्यांचा तास, तो टाळा. बरीच दुकानं सकाळी अकराला उघडतात, तेव्हा पोचणं सगळ्यात चांगलं. दुसरी बरी वेळ दुपारी दीड ते अडीच. त्यानंतर अनेक जण पाच-साडेपाचपर्यंत बंद ठेवतात. संध्याकाळी उशिरा जाणार असाल तर एक धोका आहे: त्या दिवसाचं सूप संपलं की दुकान बंद, पाटीवर वेळ काहीही लिहिलेली असो. सूप तासन्‌तास उकळून केलेलं असतं, आयत्या वेळी वाढवता येत नाही.

दुकान शोधताना गूगल मॅप्स चालेल, पण स्थानिक लोक ताबेलॉग ही हॉटेलांना गुण देणारी वेबसाइट बघतात. तिथे गुण देताना लोक हात फार आखडता घेतात. 3.5 च्या वरचं दुकान उत्तम समजायचं. आपल्याला 4.5 ची सवय, म्हणून पाहुणे 3.6 बघून नाक मुरडतात आणि चांगली दुकानं हातची घालवतात.

कुठलं रामेन

मशीनसमोर उभं राहण्याआधी हे ठरलेलं हवं, कारण तिथे मागे माणसं उभी असतात.

वाडगा कसा भरला जातो ते माहीत असेल तर नावं चटकन कळतात. रिकाम्या गरम वाडग्यात आधी तळाशी "तारे" पडतं. हा खारट, गडद अर्क. चव मुख्यतः यातच. मग चमचाभर सुगंधी तेल किंवा चरबी. त्यावर उकळतं सूप. मग शेवया. त्या उकळत्या पाण्यातून जाळीच्या खोल झाऱ्याने उचलून, मनगटाला जोरात झटका देऊन पाणी निथळवतात आणि वाडग्यात अलगद दुमडून बसवतात. वर मांसाचे काप, कांद्याची पात, नोरी म्हणजे वाळवलेल्या समुद्री शेवाळाचा पापुद्रा, अंडं. हे सगळं अर्ध्या मिनिटाच्या आत होतं. काउंटरवर जागा मिळाली तर मोबाइल बाजूला ठेवून हे बघा, पैसे तिथेच वसूल होतात.

मशीनवरची नावं कधी तारेची असतात, कधी सूपची, म्हणून गोंधळ होतो.

शोयू म्हणजे सोया सॉसचं. टोकियोचं घरचं रामेन हेच. 1910 मध्ये असाकुसात राइराइकेन नावाचं दुकान निघालं आणि चिनी पद्धतीच्या शेवया टोकियोच्या सामान्य माणसाच्या आवाक्यात आल्या, ती ही परंपरा. पातळ, तपकिरी, पारदर्शक सूप. बहुधा कोंबडी, सुके मासे आणि कोंबू या समुद्री शेवाळाचं. पहिल्यांदा खाणाऱ्याला मी डोळे मिटून हेच सांगते.

शिओ म्हणजे मिठाचं. सगळ्यात हलकं. तेल-तिखट सोसत नसलेल्या ज्येष्ठांना हे द्या. टोकियोच्या एबिसू भागात सुरू झालेल्या आफुरी या साखळीचं युझू घातलेलं शिओ प्रसिद्ध आहे. युझू हे लिंबाच्या कुळातलं फळ, आणि सूपवर तरंगणारा त्याच्या सालीचा वास आपल्या जिभेला लगेच पटतो.

मिसो म्हणजे आंबवलेल्या सोयाबीनच्या पेस्टचं. साप्पोरोचं, थंड प्रदेशातलं. जाड, पिवळ्या, कुरळ्या शेवया, परतलेल्या भाज्या, वर चरबीचा थर. हा थर झाकणासारखा काम करतो आणि सूप शेवटपर्यंत चटका देणारं राहतं. जानेवारीत जाणार असाल तर हे घ्या, ऑगस्टमध्ये नको.

तोन्कोत्सू क्यूशू बेटावरचं, फुकुओकाचा हाकाता भाग त्यासाठी ओळखला जातो. डुकराची हाडं मोठ्या आचेवर इतकी उकळतात की सूप दुधासारखं पांढरं होतं. अस्सल दुकानाच्या बाहेर पन्नास पावलांवरून वास येतो. तो वास सोसला तर आत जा, नाहीतर दुसरं दुकान बघा. आत गेल्यावर तो कमी होणार नाही.

तोरी पाइतान म्हणजे कोंबडीचं, तसंच पांढरं आणि दाट. आपल्याकडच्या चिकन खाणाऱ्यांना हे हमखास आवडतं. पण त्यावर ठेवलेला मांसाचा काप बघून घ्या, तो डुकराचा असू शकतो.

मशीनवर कधी "चुका सोबा" असं लिहिलेलं असतं. घाबरू नका, ते रामेनचंच जुनं नाव. सोबा म्हटलं तरी या शेवया गव्हाच्याच असतात, कुट्टूच्या नव्हे.

शाकाहारी असाल तर

इथे जरा थांबून सविस्तर सांगते, कारण सगळ्यात जास्त मनस्ताप इथेच होतो.

साध्या दुकानात "मांस नको" म्हटलं तर वरचे काप काढून तोच वाडगा समोर येतो. त्यात लबाडी काही नाही. मांस म्हणजे तो काप, असंच तिथे समजतात. सूप हाडांचं, तेल बहुधा कोंबडीच्या किंवा डुकराच्या चरबीचं, तारेमध्ये सुक्या माशांचा अर्क. "व्हेजिटेबल रामेन" लिहिलेलं असलं तरी भाज्या त्याच सूपवर येतात. गुलाबी नक्षीचा पांढरा गोल काप, नारुतो, तोही माशांचा. म्हणजे नेहमीच्या दुकानात शाकाहारी माणसाला खाण्यासारखं काही नसतं, आणि आचाऱ्याला कितीही समजावलं तरी तो देऊ शकत नाही. सूपचं भांडं एकच असतं.

म्हणून दुकानच वेगळं निवडायचं. टोकियो स्टेशनमध्ये केइयो लाइनकडे जाणाऱ्या केइयो स्ट्रीटवर टीज तानतान आहे. तिथे मांस, मासे, अंडी, दूध काहीच वापरत नाहीत. तीळ आणि शेंगदाण्याचं दाट, तिखटसर तानतान रामेन ही त्यांची खासियत, आणि तीळ-शेंगदाणे असल्यामुळे मराठी जिभेला परकं वाटत नाही. हे दुकान तिकीट गेटच्या आत आहे. गाडीतून उतरून गेटबाहेर पडण्याआधीच खाऊन घ्या. बाहेरून येणार असाल तर प्लॅटफॉर्म तिकीट काढावं लागेल. आफुरीच्या अनेक शाखांतही वीगन रामेन मिळतं, त्यामुळे घरात दोघं मांसाहारी आणि दोघं शाकाहारी असतील तर तिथे सगळ्यांची सोय एकाच टेबलावर होते.

कांदा-लसूण न खाणाऱ्या जैन मंडळींनी मात्र वीगन पाटीवर विसंबू नये. वीगन रामेनला चव आणायला लसूण आणि कांद्याची पात सर्रास लागते.

गोमांस टाळणाऱ्यांसाठी: रामेनमध्ये डुक्कर आणि कोंबडी सामान्य, गाय-बैल तुलनेने दुर्मीळ. पण गोमांसाच्या हाडांचं रामेनही असतं, तोत्तोरी प्रांताची तर ती ओळख आहे, आणि टोकियोतही तशी दुकानं आहेत. "ग्यू" हा उच्चार ऐकू आला की समजायचं. डुकराला "बुता" किंवा "तोन", कोंबडीला "तोरी". फोनवरचं भाषांतर अॅप कॅमेऱ्याने पाटी वाचून दाखवतं, तेवढा भरवसा पुरतो.

अंडं न खाणाऱ्यांना आणखी एक गोष्ट. शेवयांचा पिवळा रंग बहुतेक वेळा अंड्याचा नसतो. पिठात कान्सुई नावाचं क्षारयुक्त पाणी घालतात, त्याने रंग आणि लवचीकपणा दोन्ही येतात. तरी काही शेवयांत अंडं असतंच. रंगावरून ठरवू नका, विचारा.

रांग

दारावर कापडी पडदा, नोरेन, लटकलेला असेल तर दुकान चालू. आत काढून ठेवला असेल तर बंद.

रांग दिसली की लगेच मागे उभं राहू नका, आधी पुढे काय चाललंय ते बघा. काही ठिकाणी आधी आत जाऊन तिकीट काढायचं आणि मग रांगेत यायचं असतं. काही ठिकाणी रांगेतून नंबर लागल्यावरच मशीनपाशी जायचं. दारावर चिकटवलेल्या कागदात हे लिहिलेलं असतं. कळलं नाही तर पुढच्या माणसाला तिकिटाची खूण करून विचारा, लोक सांगतात.

सगळी मंडळी जमल्यावरच रांगेत लागा. एकाने उभं राहायचं आणि नंबर आला की चौघांनी घुसायचं, हे इथे फार वाईट दिसतं. दुकानवाल्याने मागे उभ्या माणसांवरून आत किती खुर्च्या लागतील याचा हिशोब केलेला असतो. आणि चौघांना एकत्र बसायचा हट्ट नको. दोन इथे, दोन तिथे बसा, वीस मिनिटांचा तर प्रश्न आहे.

शेजारच्या दुकानाचं दार अडवू नका, मोठ्याने बोलू नका. रांगेविरुद्ध शेजाऱ्यांच्या तक्रारी झाल्या की त्रास दुकानाला होतो.

रांगेला किती वेळ द्यावा? माझं मत: अर्ध्या-पाऊण तासापेक्षा जास्त नाही. दोन तासांच्या रांगेतलं रामेन कधीकधी खरंच थोर असतं, पण चार दिवसांच्या सहलीत ते दोन तास जास्त महाग आहेत, आणि दोन गल्ल्या पलीकडे रांग नसलेलं चांगलं दुकान बहुतेक वेळा सापडतं.

मशीन

मुंबईत सेल्फ सर्व्हिसच्या हॉटेलात आधी गल्ल्यावर पैसे भरून टोकन घेतो, तोच प्रकार. फक्त गल्ल्यावरचा माणूस नाही.

जुन्या, बटणांच्या मशीनमध्ये क्रम असा: आधी पैसे घाला. तोवर बटणं विझलेली असतात. पैसे पडले की तेवढ्यात जे जे येऊ शकतं त्यांचे दिवे लागतात. बटण दाबा, खाली छोटा कागद पडतो. आणखी काही हवं असेल तर तेही दाबा. मग सुट्या पैशांचा दांडा किंवा बटण दाबा आणि पैसे उचला. बरेच पाहुणे आधी बटण दाबत राहतात आणि काही होत नाही म्हणून घाबरतात. पैसे आधी, एवढं लक्षात ठेवा. एखाद्या बटणावर लाल अक्षरं किंवा फुली असेल तर तो पदार्थ संपलेला.

काय दाबायचं? जपानी खवय्यांचा एक नेम आहे: सगळ्यात वरचं, डावीकडचं बटण. दुकान आपला मुख्य पदार्थ बहुधा तिथेच ठेवतं. वाचता येत नसेल, फोन मेला असेल, तर तेच दाबा. त्याच्या बाजूला बहुतेकदा तोच पदार्थ आजितामा, म्हणजे सोया सॉसमध्ये मुरवलेलं अर्धकच्चं अंडं, घालून असतो. शंभर-दीडशे येन जास्त, आणि मला विचाराल तर वसूल. त्यापुढे "सगळं वर घातलेलं" असा तीन-चारशे येन महाग प्रकार असतो. पहिल्या खेपेला तो नको. इतकं मांस आणि नोरी वर येते की सूप थंड होतं आणि दुकानाची मूळ चव कळत नाही.

हजार येनचा आकडा या धंद्यात फार नाजूक आहे. त्याला "हजार येनची भिंत" म्हणतात. गिऱ्हाईक रामेनला त्यापुढे पैसे द्यायला कचरतं, असा वर्षानुवर्षांचा अनुभव. पीठ, मांस, गॅस सगळं महागल्यावर आता ती भिंत टोकियोत पडत चालली आहे, पण म्हणूनच साधा वाडगा भिंतीच्या आत ठेवून कमाई जादा टॉपिंगवर करणारी दुकानं दिसतात.

नव्या मशीनवर टचस्क्रीन असतो आणि कोपऱ्यात इंग्रजीचा पर्याय. मागे रांग असेल आणि तुम्हाला वेळ लागत असेल तर बाजूला होऊन मागच्याला हाताने पुढे करा. कुणी काही म्हणत नाही.

काउंटरवर

दाखवतील त्या खुर्चीवर बसा. तिकीट समोरच्या उंच कडेवर ठेवा, "ओनेगाइशिमास" म्हणा. पाणी बहुतेक ठिकाणी स्वतः घ्यायचं. समोर जग आणि पेले असतात, किंवा कोपऱ्यात यंत्र. पाणी फुकट. पिशवी पायाखालच्या टोपलीत किंवा काउंटरखालच्या हुकावर. पांढरा शर्ट घातला असेल तर कागदी एप्रन मागा: "कामी एपुरोन". लाजू नका, सूटबूटवाले साहेबलोकही बांधतात.

आता एखादा प्रश्न येऊ शकतो, आणि तो जपानीत, घाईत येईल. बहुतेक वेळा तो तीनपैकी एक असतो: शेवया किती कडक, आकार केवढा, लसूण घालू का. तिन्हीवर "फुत्सू दे", म्हणजे नेहमीसारखं, असं म्हटलं की भागतं. हाकाता पद्धतीच्या दुकानात कडकपणाच्या पायऱ्या असतात: यावा म्हणजे मऊ, फुत्सू, काता म्हणजे कडक, बारीकाता म्हणजे त्याहून कडक. मऊ शेवयांची सवय असलेल्या आपल्या लोकांना बारीकाता कच्चं वाटतं. फुत्सूनेच सुरुवात करा.

योकोहामाच्या इएकेई पद्धतीच्या दुकानात कडकपणा, चवीचा जोर आणि तेल अशा तीन गोष्टी निवडता येतात. ही परंपरा 1974 मध्ये सुरू झालेल्या योशिमुराया दुकानातून आली. दाट सूप, जाड सरळ शेवया, पालक, तीन मोठ्या नोरी. खारट लागेल असं वाटलं तर "आजी उसुमे" म्हणा, तारे कमी घालतात.

खाताना

वाडगा समोर आला की एक फोटो काढा, तोही पटकन, फक्त आपल्या वाडग्याचा. शेजाऱ्याचा चेहरा, आचाऱ्याचा व्हिडिओ विचारल्याशिवाय नको. काही दुकानांत फोटोलाच बंदी असते.

आधी खोल चमच्याने, रेंगेने, नुसतं सूप प्या. मग शेवया. टेबलावरची मिरपूड, व्हिनेगर, तिखट तेल, लसूण ठेचायचा चिमटा हे सगळं दिसताच हात शिवशिवतो, हे माहीत आहे. निम्मा वाडगा होईपर्यंत थांबा. नंतर चव बदलायला थोडं थोडं घाला. तोन्कोत्सूत लाल आलं आणि तीळ, शोयूत मिरी, जड सूपमध्ये थोडं व्हिनेगर.

आवाज करत ओढा. हवा सोबत ओढली की शेवई निवते आणि सूपचा वास नाकापर्यंत जातो. लहानपणापासून "आवाज न करता जेव" ऐकत वाढलेल्यांना हे जमत नाही, आणि नाही जमलं तरी बिघडत नाही. पण वेळ लावू नका. शेवया गरम सूपमध्ये शिजतच राहतात. हाकाताच्या बारीक शेवया चार-पाच मिनिटांत मऊ पडायला लागतात. म्हणून तिथे मुळात शेवया कमी देतात आणि संपल्यावर "काएदामा" म्हणून नुसत्या शेवयांची दुसरी खेप मागवता येते. त्यासाठी सूप शिल्लक ठेवा.

चॉपस्टिक शेवयांत उभ्या रोवून ठेवू नका, जपानमध्ये ते मृतासमोरच्या भाताचं चिन्ह आहे. चॉपस्टिकने दुसऱ्याच्या चॉपस्टिकमध्ये घास देणंही नको. दहनानंतर अस्थी तशा उचलतात. काटा हवा असेल तर "फोक" म्हणून मागा, बऱ्याच ठिकाणी मिळतो.

सूप पूर्ण प्यायलाच हवं असं नाही. अख्खं संपवलं तर एका वाडग्यात पाच ग्रॅमच्या वर मीठ सहज पोटात जातं, आणि दिवसभराची मर्यादा जागतिक आरोग्य संघटनेच्या मते त्याहून कमीच हवी. रक्तदाबवाल्यांनी शेवया खाव्यात, सूप चाखावं, बाकीचं ठेवावं. आचारी रागावत नाही.

एकाने मागवायचं आणि दोघांनी खायचं, हे काउंटरच्या दुकानात चालत नाही. खुर्ची धरली की वाडगा घ्यायचा. उरलेलं बांधूनही देत नाहीत.

लहान मुलं आणि आजी-आजोबा

काउंटरच्या उंच खुर्च्या, अरुंद वाट, बाबागाडीला जागा नाही. त्यांना घेऊन जायचं तर टेबलं असलेल्या साखळी दुकानात जा. इप्पुदोच्या मोठ्या शाखांत सोय बरी असते. हिदाकाया ही टोकियोभोवतालच्या कांतो भागातली स्वस्त साखळी बऱ्याच स्टेशनांजवळ सापडते. तिथलं रामेन थोर नाही, पण आजोबांना पाठ टेकता येते. मुलासाठी छोटा वाडगा मागायचा तर "तोरीझारा" म्हणा.

एकट्याने आणि अजिबात न बोलता खायचं असेल तर इचिरान ही साखळी. दोन्ही बाजूंना लाकडी पाट्या, समोर बांबूचा पडदा, मागणी कागदावर खुणा करून, तीही इंग्रजीत. अनेक शाखा रात्रभर चालू. अस्सल खवय्ये नाक मुरडतात, मी मुरडत नाही. विमानातून उतरलेल्या, झोप उडालेल्या माणसाला रात्री दोन वाजता यापेक्षा सोपं काही नाही.

उठताना

खाऊन झालं की बसून गप्पा नाहीत. वाडगा आणि पेला समोरच्या उंच कडेवर ठेवा. तिथे ओला फडका असेल तर आपल्यापुरतं काउंटर पुसा. "गोचिसोसामा देश्ता" म्हणा आणि निघा. टीप द्यायची नाही; दिलीत तर पैसे विसरलात म्हणून कुणीतरी मागे पळत येईल.

दुसऱ्या खेपेला

साधं रामेन झालं की त्सुकेमेन खाऊन बघा. जाड, थंड पाण्यात धुतलेल्या शेवया वेगळ्या आणि दाट, गरम सूप वेगळं, बुडवून खायचं. हा प्रकार मेन्यूवर आणून लोकप्रिय करणारे यामागिशी काझुओ. 1961 मध्ये त्यांनी टोकियोच्या हिगाशी-इकेबुकुरो भागात ताइशोकेन हे दुकान उघडलं आणि पुढे त्यांच्या हाताखाली शिकलेल्यांनी ठिकठिकाणी दुकानं काढली. टोकियो स्टेशनच्या याएसू बाजूला जमिनीखाली रामेन स्ट्रीट आहे, तिथल्या रोकुरिनशात त्सुकेमेन मिळतं. शेवया जाड असल्याने शिजायला वेळ लागतो, म्हणून गाडी पकडायची असेल तेव्हा नको. शेवया संपल्या की उरलेलं सूप पिण्याइतकं पातळ नसतं. "सूपुवारी" म्हणा, त्यात गरम पातळ सूप ओतून देतात.

जिरो नावाच्या रामेनच्या वाटेला सहजासहजी जाऊ नका. टोकियोच्या मिता भागात, केइओ विद्यापीठाजवळ त्याचं मूळ दुकान. विद्यार्थ्यांच्या भुकेचं माप. "लहान" म्हणून येणाऱ्या वाडग्यातच बहुतेक ठिकाणी तीनशे ग्रॅमच्या आसपास शेवया, वर मोड आलेल्या कडधान्याचा आणि कोबीचा डोंगर, चरबी, कच्चा लसूण. वाढण्याआधी विचारतात, "निन्निकु इरेमास का", आणि तेव्हा लसूण, भाज्या, चरबी यांपैकी काय वाढवायचं ते ठराविक शब्दांत सांगायचं असतं. टाकून दिलेलं तिथे मनाला फार लागतं. मागवायचंच असेल तर तिकीट देताना "मेन सुकुनामे", शेवया कमी, असं सांगा.

आणि एकाच दिवसात तीन-चार प्रांतांची चव घ्यायची असेल तर शिन-योकोहामाचं रामेन संग्रहालय. 1994 पासून चालू आहे. तळघरात 1958 सालचा मोहल्ला उभा केलाय, कारण त्याच वर्षी आंदो मोमोफुकू यांनी इन्स्टंट रामेन बाजारात आणलं. प्रवेशाचे पैसे वेगळे, पण आत दुकानं छोटे वाडगे देतात. चौघांच्या घराने चार दुकानं वाटून घ्यायची नाहीत. प्रत्येक मोठ्या माणसाने प्रत्येक दुकानात एक तरी वाडगा घ्यायचा असतो. त्यामुळे छोटे वाडगे घ्या आणि शनिवार-रविवार टाळा.